ऑक्टाव्हिया आरएस १.८ टर्बो: जुनी घ्यायची, दुरुस्त करायची, मग वाढवायची

पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आजही घ्यावी अशी गाडी आहे. मात्र मीटरवरचे किलोमीटर आणि बॉडीची चकाकी बघून नाही, टायमिंग बेल्टचं बिल बघून घ्यावी. २००४ मध्ये आपल्याकडे आलेल्या या गाडीत १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आहे: एका सिलिंडरला पाच, म्हणजे एकूण वीस व्हॉल्व्ह, १५० अश्वशक्ती, २१० न्यूटन मीटर टॉर्क, पाच मॅन्युअल गिअर आणि पुढच्या चाकांना ताकद. युरोपातल्या आरएसला १८० अश्वशक्ती होती, आपल्याला १५० ची मिळाली. आकडा आज किरकोळ वाटतो, पण हा टॉर्क १,७५० आरपीएमला येतो आणि ४,६०० पर्यंत सपाट टिकतो. खंबाटकीच्या चढावर मागे ट्रक लागलेला असताना तिसरा गिअर तसाच ठेवून गाडी ओढत जाते, आणि हीच या गाडीची खरी मजा आहे. वर मागचं दार काचेसकट उघडणारी ५२८ लिटरची डिकी. मागच्या सीटवर पायांना जागा मात्र कमी आहे, उंच माणसाला तिथे नाशिकपर्यंत बसवू नये.

ही गाडी परवडण्याजोगी राहण्याचं कारण तिची साधी भावंडं. औरंगाबादजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून ऑक्टाव्हिया जुळवल्या गेल्या आणि १.९ डिझेल तर महाराष्ट्रात भरपूर विकली गेली. त्यामुळे दरवाजे, काचा, लोअर आर्म, बुश, व्हील बेअरिंग असा बराचसा माल अजून दुकानात आणि भंगारबाजारात मिळतो. इंजिनचे सुटे भाग गोल्फ फोर आणि पहिल्या ऑडी टीटीशी जुळतात, ते बाहेरून मागवता येतात. पुढच्या आरएस गाड्यांचा माल मात्र हिला चालत नाही. लॉरा आरएसचं १.८ टीएसआय किंवा २०१७ च्या आरएस २३० चं २.० टीएसआय ही पूर्णपणे वेगळी इंजिनं आहेत.

बघायला जाताना

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा की गाडी सकाळी थंड हवी, आधी सुरू करून ठेवायची नाही. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसरा दिवस ठरवा.

सुरू करण्याआधी डिकीतली स्टेपनी काढा. खालच्या खळग्यात कागदी स्टिकर असतो. त्यावर चेसिस नंबर, इंजिनचा कोड, गिअरबॉक्सचा कोड, रंगाचा कोड आणि तीन-तीन अक्षरांचे बरेच कोड छापलेले असतात. साध्या ऑक्टाव्हियाला आरएसचा बिल्ला आणि बंपर लावून विकणारे लोक आहेत. स्टिकर, आरसी आणि इंजिनवरचा कोरीव नंबर हे तिन्ही जुळले पाहिजेत. स्टिकर खरवडून काढलेला असेल तर मागच्या बाजूला ठोकून दुरुस्ती झाली आहे का, हे कार्पेट उचलून बघा. पुढे पार्ट मागवतानाही याच इंजिन कोडने मागवायचे असतात, मॉडेलच्या नावाने नाही.

मग ऑइल भरण्याचं झाकण काढा आणि आत टॉर्च मारा. कॅमशाफ्टवर मधासारखा पातळ तपकिरी थर असेल तर ठीक. काळा, बोटाने खरवडला तर काजळीसारखा गोळा होणारा थर म्हणजे स्लज. हे इंजिन खनिज ऑइल आणि लांबवलेल्या सर्व्हिस अजिबात सहन करत नाही. टर्बोच्या उष्णतेने ऑइल करपतं, त्याचे कण संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या तबकात, उतरतात, तिथून ऑइल ओढणाऱ्या पिकअपची जाळी बुजते आणि ऑइल प्रेशर पडतं. आधी टर्बोचं बेअरिंग जातं, मग क्रँकचं. टर्बोला ऑइल नेणारा पाइप एग्झॉस्ट मॅनिफोल्डच्या अगदी जवळून जातो, तोही आतून करपून बुजतो. म्हणून टर्बो बदलून घेतलेल्या गाडीत हा पाइप नवा टाकला होता का आणि संप उघडून जाळी साफ केली होती का, हे दोन प्रश्न विचाराच. नसेल केलं तर नवा टर्बोही जुन्याच वाटेने जाणार.

आता गाडी सुरू करा. पहिले दोन-तीन सेकंद वरून खडखड आली आणि थांबली, तर दोन कॅमशाफ्टमधल्या छोट्या चेनचा टेन्शनर थकला आहे. या इंजिनात बेल्ट फक्त एग्झॉस्टचा कॅम फिरवतो, इनटेकचा कॅम त्याच्याकडून चेनने फिरतो. खडखड थांबतच नसेल तर खर्च मोठा आहे. बारीक टिकटिक टॅपेटची, ती चांगल्या ऑइलने बऱ्याचदा जाते. क्लच सोडलेला असताना गिअरबॉक्सच्या बाजूने घरघर येते आणि पेडल दाबल्यावर आवाज बदलतो, तर ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे क्लचमागचं दुहेरी जड चाक, बघा. ते क्लचसोबतच बदलावं लागेल, तेवढे पैसे किमतीतून वजा करा. सायलेन्सरमधून निळा धूर थंड गाडीत थोडा येऊन गेला तर व्हॉल्व्ह सील. बूस्टवरून, म्हणजे टर्बो हवा दाबत असताना, पाय काढल्यावर सतत येत असेल तर टर्बो.

बॅटरीच्या वर फ्यूजचा सपाट डबा बसवलेला असतो. त्याचं झाकण उघडून अल्टरनेटरच्या जाड वायरचा नट निरखून बघा. नट सैल पडला की तिथे उष्णता साठते, प्लॅस्टिक पिवळं पडून वितळतं. या घराण्याच्या गाड्यांचा हा नेहमीचा आजार. पुढच्या दोन्ही सीटखालची मॅट दाबून बघा, ओल लागली तर केबिन फिल्टरच्या झाकणातून किंवा बुजलेल्या नाल्यातून पावसाचं पाणी आत येतं आहे. चारही काचा पूर्ण खालीवर करा. रेग्युलेटरची प्लॅस्टिकची क्लिप तुटली की काच दारात धपकन पडते.

चाचणीला चढाचा रस्ता घ्या. चौथा गिअर, २,००० आरपीएम, ॲक्सिलरेटर पूर्ण. काटा झपकन वर गेला आणि वेग तेवढा वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. टर्बो भरताना फुसफुस ऐकू आली आणि मागे काळा धूर निघाला, तर पाइप फाटला आहे. दुसऱ्या गिअरला घाईत टाकल्यावर खर्र आली तर सिंक्रो, म्हणजे गिअर जुळवणारी कडी. गाडी खालून बघितल्याशिवाय सौदा करू नका. संप अॅल्युमिनियमचा आहे, आपल्या स्पीडब्रेकरवर घासून तडकतो आणि कोणी तरी त्यावर एम-सील थापून वेळ मारून नेलेली असते.

स्कॅनर लावल्याशिवाय टोकन नाही

साध्या ओबीडी डोंगलने एरर कोड दिसतात, पण या गाडीचं खरं पोट उघडायला व्हीसीडीएस किंवा त्याच तोडीचं, फोक्सवॅगन घराण्याचं सॉफ्टवेअर लागतं. कोड काल पुसून टाकलेले असू शकतात. म्हणून मेझरिंग ब्लॉक, म्हणजे चालत्या इंजिनाच्या आकड्यांचे गट, वाचायचे.

ब्लॉक ०३२ मध्ये इंधनाची शिकलेली दुरुस्ती दिसते, पहिल्या खान्यात आयडलची (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असतानाची) आणि दुसऱ्या खान्यात चालत्या भाराची. आयडलची अधिक बाजूला सरकलेली आणि दुसरी ठीक, म्हणजे व्हॅक्यूम लीक. आयडलला मॅनिफोल्डमध्ये ओढ असते, मोजणी न झालेली हवा फटीतून आत येते आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल वाढवतो. इनटेक मॅनिफोल्डखालच्या ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ परत ओढणाऱ्या, रबरी नळ्या ऑइलच्या वाफेने मऊ पडून फाटतात, बहुतेक वेळा चोर तोच. बूस्टवर हीच फट उलटं काम करते: मोजलेली हवा बाहेर पळते, पेट्रोल मात्र मोजमापाप्रमाणे पडतं, म्हणून काळा धूर. दोन्ही ओळखायचा खात्रीचा उपाय म्हणजे नळ्यांत धूर सोडून गळती शोधायची स्मोक टेस्ट. अंदाजाने एकेक नळी बदलत बसू नये.

दुसरा खाना पाच ते आठ टक्के अधिक दाखवत असेल तर लगेच घाबरू नका. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला त्याच हवेसाठी सात-आठ टक्के जास्त इंधन लागतं, त्यामुळे तेवढा सरकाव पेट्रोलचाच असू शकतो. त्याच्या बराच पुढे गेला तर एअर फ्लो सेन्सर, फ्यूल फिल्टर किंवा पंप. इतक्या जुन्या गाडीतल्या इंधनाच्या रबरी नळ्या इथेनॉलचा विचार करून बनवलेल्या नाहीत. पेट्रोलचा वास येत असो वा नसो, त्या बदलून घ्या.

एअर फ्लो सेन्सरची परीक्षा ब्लॉक ००३ मध्ये होते. पूर्ण थ्रॉटलवर वरच्या आरपीएमला ग्रॅम प्रति सेकंद हा आकडा अश्वशक्तीच्या साधारण ०.८ पट यावा, म्हणजे १५० च्या गाडीला १२० च्या आसपास. ८०-९० वरच अडकला तर सेन्सर मेला आहे किंवा हवा कुठे तरी अडते आहे. सेन्सरचा प्लग काढल्यावर गाडी अधिक चांगली पळाली, तर शंका उरत नाही. ब्लॉक ११५ मध्ये मागितलेला आणि मिळालेला बूस्ट शेजारी-शेजारी दिसतो. मिळालेला सतत कमी असेल तर लीक, डायव्हर्टर व्हॉल्व्ह (पाय काढल्यावर बूस्ट वळवणारा) किंवा एन७५ व्हॉल्व्ह (बूस्ट किती ते ठरवणारा). ब्लॉक ०२० मध्ये चारही सिलिंडरचं नॉक रिटार्ड, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटू लागल्यावर ठिणगी किती उशिरा दिली ते, दिसतं. एकच सिलिंडर मागे ओढत असेल तर त्याचा प्लग, कॉइल आणि इंजेक्टर बघा.

कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्याच. चांगलं इंजिन ९ ते १४ बार देतं, ७ च्या खाली गेलं तर घेऊ नका. दोन सिलिंडरमधला फरक ३ बारपेक्षा जास्त असला तरी नको. विकणारा या टेस्टला नाही म्हणाला, तर तेच उत्तर समजा.

कागदांचं थोडक्यात. आरसी ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, कर्जाचा बोजा असेल तर फॉर्म ३५, परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. दिल्लीहून स्वस्तात येणाऱ्या गाड्यांबाबत एनओसी हातात पडेपर्यंत पैसे देऊ नका, आणि इथला रोड टॅक्स किमतीत धरा. या सगळ्या गाड्यांनी १५ वर्षं ओलांडली आहेत, म्हणजे फॉर्म २५ वर पाच-पाच वर्षांसाठी फेरनोंदणी आणि पर्यावरण कर आलाच. नोंदणी कधी संपते, ही तारीख आरसीवर आधी बघा. फेरनोंदणी विकणाऱ्याच्या नावावर असतानाच करून घेतली तर तुमच्या दोन खेपा वाचतात.

पहिली सर्व्हिस

आधीच्या मालकाने काय सांगितलं ते बाजूला ठेवा. बिल नसेल तर टायमिंग बेल्ट बदललेला नाही असंच धरायचं. बेल्ट तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि वीस व्हॉल्व्हच्या हेडचं काम गाडीच्या किमतीला जाऊन भिडतं. आपल्या उन्हात आणि ट्रॅफिकमध्ये ८०,००० किलोमीटर किंवा पाच वर्षं, जे आधी येईल ते. नुसता बेल्ट टाकू नका. सोबत टेन्शनरचा रोलर, हायड्रॉलिक टेन्शनर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि बाहेरचा अल्टरनेटरचा बेल्ट. वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो आणि जुन्या पंपाचं आतलं चक्र प्लॅस्टिकचं असतं. ते शाफ्टवर तडकून नुसतंच फिरतं, पाणी ढकलत नाही. गळती दिसत नाही, पण काटा वर जातो. धातूच्या चक्राचा पंप मागा आणि डबा उघडून स्वतः बघा. या कामात त्या बाजूचा इंजिन माउंट सोडावा लागतो. त्याचे बोल्ट ताणून घट्ट होणारे, एकदाच वापरायचे असतात. जुनेच परत लावणारा मेकॅनिक असेल तर नवे बोल्ट स्वतः नेऊन द्या.

कूलंट जी१२ दर्जाचा, डिस्टिल्ड पाण्यात निम्मा-निम्मा, साधारण पाच-सहा लिटर मिश्रण. हिरव्या कूलंटमध्ये मिसळलं की तपकिरी चिखल होतो. टाकीत असा रंग दिसला तर आधी दोन-तीनदा फ्लश. हेडच्या बाजूला प्लॅस्टिकचा फ्लँज आणि त्यात तापमानाचा सेन्सर असतो. हे दोन्ही स्वस्त आहेत, ओ-रिंगसकट आत्ताच बदला.

ऑइल ५डब्ल्यू-४० पूर्ण सिंथेटिक, डब्यावर व्हीडब्ल्यू ५०२.०० लिहिलेलं, फिल्टरसह सुमारे साडेचार लिटर. सव्वाचार ओता, डिपस्टिक बघा, मग उरलेलं. पुढे दर ७,५०० किलोमीटरला. हायवेवरून ढाब्यावर आल्याबरोबर किल्ली फिरवू नका, मिनिटभर आयडलला ठेवा. ऑइल ८० अंशांना असताना २,००० आरपीएमवर प्रेशर २ बारच्या खाली असेल, तर दुसरं काहीही करण्याआधी संप उघडा.

प्लग एकाच वेळी चारही, गॅप ०.८ मिलिमीटर, ३० न्यूटन मीटरला घट्ट. कॉइल हा या इंजिनाचा प्रसिद्ध दोष. एक गेली की बाकीच्याही त्याच वयाच्या असतात, त्यामुळे चारही बदला आणि त्यातली चांगली एक डिकीत ठेवा. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर ग्रुप ०६० मधून तिचं ॲडॉप्टेशन करावं, म्हणजे ईसीयूला तिची जागा पुन्हा शिकवावी लागते, नाही तर आयडल खालीवर होत राहतं. गिअरबॉक्समध्ये ७५डब्ल्यू-९० जीएल-४, सुमारे दोन लिटर. ब्रेक फ्लुइड डॉट ४ एक लिटर, क्लचही त्याच टाकीतून चालतो. ईपीसीचा (इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचा) दिवा लागला आणि गाडी मरगळली, तर थ्रॉटल बदलण्याआधी ब्रेक पेडलवरचा स्विच बदलून बघा.

खालच्या बाजूला लोअर आर्मचे बुश, स्टॅबिलायझरच्या लिंक आणि शॉकॲब्सॉर्बरचे वरचे माउंट एकदम करा, मग अलाइनमेंट. मागच्या कॅलिपरची हँडब्रेकची यंत्रणा अडकते. त्याचा पिस्टन फिरवत-फिरवत आत न्यायचा असतो, सी-क्लॅम्पने दाबला तर कॅलिपर कायमचा बाद. नवे पॅड टाकताना मेकॅनिकच्या हातात कोणतं हत्यार आहे तेवढं बघा.

मग मॉडिफिकेशन

वरचं सगळं होऊन गाडी १२० ग्रॅम हवा घेते आणि मागितलेला बूस्ट देते, तेव्हाच मॅपचा, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याचा, विचार करा. आजारी गाडीवर मॅप टाकला की ईसीयू फाटलेल्या नळीतून हरवणारा बूस्ट भरून काढायला टर्बोला अधिक पळवतो आणि महिन्या-दोन महिन्यांत टर्बो बसतो. निरोगी गाडीवर साधा स्टेज वन मॅप १८० अश्वशक्तीच्या घरात नेतो, आणि रोजच्या वापराला तेवढंच योग्य आहे. मॅप कोणत्या पेट्रोलवर बनवला आहे हे विचारा. ९५ ऑक्टेनच्या मॅपवर त्याहून कमी ऑक्टेनचं पेट्रोल भरलं, तर नॉक रिटार्ड वाढतं आणि विकत घेतलेली ताकद ईसीयू स्वतःच काढून घेतो. मॅप करणाऱ्याने आधीचा आणि नंतरचा लॉग दिलाच पाहिजे. प्लगचा गॅप ०.७ करा. क्लच जुना असेल तर मॅपच्या पहिल्याच आठवड्यात घसरेल, त्याचे पैसे आधी बाजूला काढा.

पहिला पार्ट डायव्हर्टर व्हॉल्व्ह. मूळच्या व्हॉल्व्हचा पडदा फाटतो. ऑडी टीटी २२५ मधला, ७१०एन ने संपणारा व्हॉल्व्ह सरळ बसतो आणि स्वस्त आहे. हवा बाहेर सोडून फुस्स आवाज करणारा व्हॉल्व्ह लावू नका. ती हवा ईसीयूने मोजलेली असते, प्रत्येक गिअरला मिश्रण बिघडतं. ऑइल लावलेला कापडी एअर फिल्टरही नको, ते ऑइल एअर फ्लो सेन्सरवर बसतं. मूळचा कागदी फिल्टर या ताकदीला पुरतो. पैसे असतील तर इंटरकूलर मोठा करा. मूळचा छोटासा आहे, पुढच्या कोपऱ्यात बंपरमागे, आणि उन्हाळ्यात सलग तीन-चार ओढींनंतर तापून बसतो. के०४ या मोठ्या टर्बोची स्वप्नं बघणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की मूळचे कनेक्टिंग रॉड ३३०-३४० न्यूटन मीटरच्या पुढे भरवशाचे नाहीत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करता येत नाही. इंजिन बदलणं किंवा रंग बदलणं आरटीओच्या नोंदीशिवाय नकोच. मोठ्या आवाजाचा एग्झॉस्ट लावला तर दंड आहेच, शिवाय न कळवलेल्या बदलांवरून विमा कंपनी क्लेम अडवू शकते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला तर पीयूसीत अडकाल. तो राहू द्या, एवढ्या ताकदीला त्याची अडचण होत नाही.

सगळ्यात मोठा फरक टायर आणि ब्रेक पाडतात, आणि लोक त्यावरच हात आखडतात. ३१२ मिलिमीटरच्या पुढच्या डिस्क योग्य कॅरिअरसह या गाडीला बसतात, पण त्यासाठी चाक किमान १६ इंची हवं. अलॉय घेताना पीसीडी (बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) ५×१०० आणि मधलं भोक ५७.१ मिलिमीटर. लॉराची चाकं ५×११२ ची आहेत, ती बसत नाहीत, कोणी ॲडॉप्टर लावून देतो म्हणाला तरी नको. पोलोची ५×१०० ची असल्याने बसतात, फक्त ऑफसेट आणि ब्रेकला जागा तपासा. बोल्ट एम१४×१.५ चे. मूळ चाकाच्या बोल्टचं टोक गोल असतं, बाजारातल्या बहुतेक अलॉयना निमुळतं लागतं. जुनेच बोल्ट नव्या चाकाला लावले तर ते घट्ट झाल्यासारखे वाटतात, पण चाकाला कडेवरच टेकलेले असतात आणि चालता चालता सैल होतात. नवा संच घ्या, १२० न्यूटन मीटरला आवळा आणि शंभर किलोमीटर झाल्यावर टॉर्क रेंचने पुन्हा एकदा तपासा.